गुळगुळीत झालेला देव

माझं काम काय, हे मी आजवर एकाही नातेवाइकाला धड समजावून सांगू शकलेले नाही. आईच्या मते मी मोबाईलमधले फोटो धुते. शेजारच्या काकूंच्या मते मी दिवसभर घरात बसून असते आणि तरी कंपनी मला पगार देते, म्हणजे कंपनीतच काहीतरी गडबड असणार. खरं एवढंच आहे की अंधारात काढलेला फोटो उजेडातला वाटावा म्हणून मोबाईलच्या आत जे गणित चालतं, त्यातलं काही मी आणि माझ्या टीमने लिहिलेलं आहे. टीम पुण्यात बसते. मी भोरला, आमच्या घराच्या माडीवर बसते. लॉकडाऊनमध्ये पंधरा दिवसांचे कपडे घेऊन आले होते, ती राहिलेच.

अंधाराचं दुखणं असं आहे की कॅमेऱ्याला उजेड कमी मिळाला की तो अंदाजपंचे बोलायला लागतो. काळ्या जागेत खरं काय आहे ते त्याला कळत नाही, मग तो तिथे उगाचच पांढरे, लाल, निळे ठिपके उमटवतो. आमच्या धंद्यात याला नॉईज म्हणतात, मी घरी कचरा म्हणते. फोटो उजळवायला गेलं की खऱ्या वस्तूंबरोबर हा कचराही उजळतो, म्हणून तो पुसावा लागतो. पुसायची रीत सोपी आहे. एखादा ठिपका आजूबाजूच्यांपेक्षा फारच वेगळा, एकटाच दिसला, की तो खोटा धरायचा आणि शेजाऱ्यांच्या रंगात बुडवून टाकायचा. चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, आईबरोबर राहणारी बाई म्हणून हा नियम मला आमच्या आळीत चांगलाच भोगायला मिळाला होता. तरीही कंपनीसाठी मी तो अगदी आनंदाने लिहिला.

आणि त्याचा मला माज होता, हेही सांगून टाकते. लग्नात, बारशात, कुणाच्या वर्षश्राद्धालासुद्धा मी फोन काढायची आणि दिवे घालवायला लावून फोटो काढून दाखवायची. "बघा, अंधार कुठे गेला?" असं विचारायची. लोक बिचारे "वा वा" म्हणायचे आणि जेवणाच्या पंगतीकडे सरकायचे.

माझी आत्या राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या अलीकडच्या एका वाडीत राहते. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात ती आणि तिचे धाकटे दीर असे दोघंच. दिरांचीही बायको गेलेली, मुलगा चाकणला कामाला. आत्या दिरांच्या घरात राहते की दीर आत्याच्या घरात राहतात, यावर दोघांचं आजतागायत एकमत झालेलं नाही. आत्या रांधते, दीर भाताची खाचरं बघतात आणि संध्याकाळी दोघं ओसरीच्या दोन टोकांना बसून एकमेकांच्या चुका काढतात. दिरांना मी काका म्हणते. काका स्वतःपुरतं बघणारे म्हणून सगळ्या भावकीत प्रसिद्ध आहेत. एकदा त्यांनी शेजाऱ्याकडून फवारणीचा पंप मागून आणला आणि तो आपलाच आहे असं इतकं मनापासून सांगितलं, की शेवटी शेजाऱ्यालाच शंका यायला लागली.

आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. भाताला लोंब्या आल्या होत्या तेव्हा मी तिला भोरला आणून डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, फार पिकलाय, आणखी थांबलात तर शस्त्रक्रिया अवघड होईल आणि आत दाब वाढला तर गेलेली नजर परत यायची नाही. त्यांनी पुढच्या आठवड्यातला बुधवार दिला. मी हुश्श केलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "देवाला इचारल्याबिगर म्या डोळ्याला हात लावू द्यायची न्हाई."

"अगं, डॉक्टरांनी सांगितलंय ना!"

"डाक्टर सांगतो ते डोळ्याचं. माजं काय ते देव सांगल."

तिला भीती वाटत होती. तिच्या माहेरच्या कुणा बाईचा डोळा फार पूर्वी अशाच शस्त्रक्रियेत गेला होता आणि ती गोष्ट आत्याने इतक्या वेळा ऐकली आणि सांगितली होती, की आता ती तिच्या स्वतःच्याच आयुष्यात घडल्यासारखी झाली होती. काकांची अडचण वेगळी होती. डोळ्याचं काम झालं की महिनाभर चुलीपुढे बसायचं नाही, धूर नको, पाणी नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि कापणी तोंडावर आली होती. "सुगी झाल्यावर करू की. डोळं काय पळून चाललेत?" असं काका म्हणाले. माणसांना भाकरी कोण घालणार हा त्यांचा खरा प्रश्न होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

म्हणून कौल लावायचं ठरलं. आमच्या या भागात मोठ्या निर्णयाआधी देवाला कौल लावायची रीत अजून आहे. गुरव भिजवलेले दोन तांदळाचे दाणे देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवा दाणा आधी पडला की देवाचा होकार, डावा आधी पडला की नकार. वाडीचा नियम असा की एका प्रश्नाला एका पुनवेला एकदाच कौल. पुन्हा विचारायचं तर पुढच्या पुनवेनंतर, म्हणजे कापणी, झोडपणी सगळं उरकल्यावर. डॉक्टरांचा बुधवार तोवर जुना होऊन गेला असता.

रविवारी सकाळी मी गाडी काढून वाडीवर गेले. माझा या सगळ्यावर विश्वास आहे का, असं कुणी विचारू नये. माझा गणितावर विश्वास आहे आणि त्या सकाळी मी मनातल्या मनात गणित करत होते की निम्मी शक्यता आपल्या बाजूची आहे. वाटेत राजगडाकडे निघालेल्या ट्रेकर पोरांच्या मोटरसायकलींनी रस्ता भरला होता. देवळात मात्र आम्ही चौघंच होतो. गुरवमामा, आत्या, काका आणि मी.

देऊळ लहान, दगडी, गाभारा त्याहून लहान. देव काळ्या दगडाचा, पिढ्यान्‌पिढ्या तेल पिऊन काळा कुळकुळीत झालेला. वीज गेलेली होती, त्यामुळे आत एक समई तेवढी जळत होती आणि भर सकाळी गाभाऱ्यात काही दिसत नव्हतं. गाभाऱ्यात गुरवाशिवाय कुणी जायचं नाही. आत्या उंबऱ्याशी हात जोडून उभी राहिली. काका सभामंडपाच्या खांबाशी टेकले. आणि मी, ज्याची कुणालाही गरज नव्हती असं एक काम अंगावर घेतलं.

"गुरवमामा," मी म्हटलं, "मी फोटो काढते. म्हणजे नंतर कुणाचा वाद नको. कुठला दाणा आधी पडला त्याचा पुरावाच राहील."

"लखकन उजेड न्हाई पाडायचा देवाच्या डोळ्यावर," गुरवमामा म्हणाले.

"फ्लॅश लागतच नाही!" मी म्हणाले. हे वाक्य बोलायला मिळावं म्हणून मी जणू भोरहून आले होते. "अंधारातच काढतो आम्ही फोटो. ते गणित मीच लिहिलंय."

गुरवमामांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि दाणे लावले. काळ्या दगडावर दोन पांढरे ठिपके. गुरवमामांनी आत्याचा प्रश्न मोठ्याने देवाला सांगितला, होकार असेल तर उजवा दे म्हणाले, आणि देवाकडे टक लावून उभे राहिले. मी फोन धरला, अंधारातल्या फोटोचं बटण दाबलं. आणि त्या शांततेत माझ्या फोनमधली बाई खणखणीत इंग्रजीत म्हणाली, हलू नका.

अंधारातला फोटो घेताना हात हलला तर बिघडतो, म्हणून फोनने तशी सूचना मोठ्याने द्यावी, ही कल्पना माझीच होती. पुण्याच्या मीटिंगमध्ये मी ती फार हिरिरीने मांडली होती. गाभाऱ्यात बाईचा आवाज आला तसे गुरवमामा दचकून मागे वळले. आत्याचे डोळे मिटलेले होते. मी फोनच्या पडद्यात बघत होते. गुरवमामा परत वळले तेव्हा दोन्ही दाणे खालच्या तबकात पडलेले होते.

मग काका खांबामागून म्हणाले, "डावा. डावा पडला पयला. म्या बघितला."

"तू खांबाआड हुतास," गुरवमामा म्हणाले. "तुला हितलं काय दिसनार? आनि म्या वळलो बायच्या मोबाईलकडं. म्या देवाच्या म्होरं खोटं बोलायचो न्हाई."

"मंग आता?" आत्याने डोळे न उघडताच विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "फोटू हाय की," गुरवमामा म्हणाले. मी रुबाबात फोन पुढे केला.

फोटो अप्रतिम आला होता. गाभारा लख्ख उजळलेला, समईची ज्योत सोनेरी, दगड स्वच्छ. देव तर इतका गुळगुळीत झाला होता की आत्ताच कुणी त्याचं तोंड धुऊन क्रीम लावलंय असं वाटावं. मिशा गेल्या होत्या. डोळ्यांच्या खाचा जेमतेम उरल्या होत्या. आणि दाण्यांचा पत्ता नव्हता. ना उजवा, ना डावा. काका खांब सोडून पुढे आले, फोटोवर वाकले आणि म्हणाले, "ह्यात दानं लावल्यालंच न्हाईत!"

झालं काय होतं ते मला तिथल्या तिथे कळलं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. अंधारातला फोटो म्हणजे एक फोटो नसतो. फोन काही क्षण थांबून एकामागोमाग पुष्कळ फोटो घेतो आणि ते एकमेकांवर रचून एक करतो. मधल्या वेळात जे हललं ते चूक समजून काढून टाकतो. आणि काळ्यावर एकटाच पांढरा ठिपका उरला तर तोही कचरा समजून पुसतो. देवाने कौल दिला होता, तो माझ्या गणिताने दोनदा पुसला होता. एकदा हलला म्हणून आणि एकदा पांढरा होता म्हणून.

हे मी गुरवमामांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजी तुज्या मोबाईलला देवाचा दाना घान वाटला." याच्यापेक्षा नेमकं वर्णन आमच्या कंपनीच्या कागदपत्रांत कुठे नाही.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणाले की माझ्या फोनमध्ये चाचणीसाठी ते मूळचे सगळे फोटोही राहतात, न उजळवलेले, न पुसलेले. घरी नेऊन त्यातून मी शोधून काढते. गुरवमामांनी खांदे उडवले. काका "काय बी निघायचं न्हाई" म्हणाले. आत्याने मात्र चाचपडत माझं मनगट धरलं.

"तू काढ. पोरीच्या फोटूत निघल त्येच देवाचं, म्या मानलं. उजवा निघाला तर बुधवारी येते. डावा निघाला तर पुन्यांदा इषय काढायचा न्हाई. कदीच न्हाई."

शेवटच्या दोन शब्दांनी माझं सगळं गणित उलटलं. ती सुगीपर्यंत थांबणार नव्हती, कायमची थांबणार होती.

भोरला परत आल्यावर मी माडीवर चढले ती मंगळवारी दुपारपर्यंत जवळपास तिथेच होते. आई जेवायला हाका मारून दमली. मूळ फोटो उघडले तर पडद्यावर निव्वळ काळं. उजेड वाढवला. काळ्यातून आधी समई आली, मग देवाच्या अंगाची कड आली आणि तिच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस आला. देवाच्या खांद्यावर, डोक्यावर, हवेत, भिंतीवर, सगळीकडे दाणेच दाणे. दोन दाणे शोधायला निघालेल्या मला कुणीतरी अख्खं पोतं ओतून दिलं होतं. त्यातले दोन देवाचे आणि बाकीचे कॅमेऱ्याचे, पण अंगावर कुणाच्याच नाव नव्हतं.

पुसायचं गणित अगदी हलकं लावलं. सगळे राहिले. जरा वाढवलं. सगळे गेले. मधल्या एका जागी डाव्या खांद्यावर एक ठिपका उरला. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. डावा अजून चिकटलेला आहे आणि उजवा नाही, म्हणजे उजवा आधी पडला, म्हणजे होकार! मग खात्रीसाठी आकडा केसभर हलवला, तर डावा गेला आणि उजव्यावर एक ठिपका आला. आणखी हलवला तर देवाच्या नाकावर आला. नंतर लक्षात आलं की तेलकट दगडावर समईची ज्योत चमकत होती आणि ज्योत हलली की चमकही जागा बदलत होती. मग मी सगळे फोटो एकमेकांत मिसळून सरासरी काढली, कारण कचरा सरासरीत विरतो आणि खरं ते टिकतं, असं मी नव्या मुलांना शिकवते. सरासरीत दोन्ही खांद्यांवर अर्धा अर्धा, फिकट दाणा दिसायला लागला. पडलेलाही आणि न पडलेलाही. असा कौल कुठल्याच देवाने कधी दिला नसेल.

या सगळ्यात माझा हात काय करत होता ते मला सोमवारी संध्याकाळी दिसलं. आकडा सरकवताना तो दर वेळी त्याच बाजूला सरकत होता, जिकडे डाव्यावरचा ठिपका ठळक होईल. मी शोधत नव्हते, मी मागत होते. माझ्या कामात या आजाराला मोठी नावं आहेत आणि मी त्यावर इतरांना भाषणं दिलेली आहेत.

शेवटी मी विचार केला की मागायचं कशाला, ठेवूनच टाकू. दोन मिनिटांचं काम. मी देवाच्या डाव्या खांद्यावर एक दाणा काढला, त्याला सावली दिली, वर थोडा कचराही भुरभुरला म्हणजे संशय नको. फार सुरेख दिसत होता. मग पुसून टाकला. निव्वळ प्रामाणिकपणामुळे पुसला असं म्हणायला मला आवडेल. पण माझा दाणा चांगला लांबसडक बासमती होता आणि गुरवमामांनी लावलेला होता काकांच्या खाचरातला आखूड इंद्रायणी, हे वाडीवर कुणीही ओळखलं असतं, हेही एक कारण होतं.

मंगळवारी दुपारी आत्या आणि काका एसटीने आले. दवाखान्यात संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. आत्या माडीचा जिना एकेक पायरी पायाने चाचपत चढली. मला वाटलं, गुडघे. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं, काका दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मी तोंड भरून माफीचं भाषण तयार ठेवलं होतं. आधी बिघडलेला माल दाखवावा म्हणून मी तोच रविवारचा फोटो मोठ्या पडद्यावर लावला, गुळगुळीत देवाचा, आणि तो अगदी जवळ ओढून मोठा केला.

"ह्ये काय लावलंस?" आत्याने विचारलं. तिने तोंड पडद्याच्या इतकं जवळ नेलं की नाक टेकलं.

"देव आहे आत्या. पण यात काही दिसत नाही बघ. नुसता उजेड आहे. नाक नाही, डोळे नाहीत, दाणे नाहीत. सगळं एकात एक गेलंय."

"तुला बी न्हाई दिसत?"

"मलाही नाही. कुणालाच नाही दिसणार."

"भावजी, तुमाला?"

"न्हाई. नुसतं पांढुरकं हाय," काका म्हणाले.

आत्या खुर्चीत मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर चक्क समाधान आलं. "म्हंजी मला दिसतं तसंच तुमाला बी दिसतंय. बरं झालं. मला वाटायचं मलाच असं दिसतं."

मला आधी ते नीट कळलंच नाही.

"असंच दिसतं मला," तिने पडद्याकडे बोट केलं. ते बोट पडद्यापासून बरंच बाजूला गेलं. "दोन वर्सं झाली. समदं असंच. तुजं त्वांड बी असंच हाय बघ आता. नाक न्हाई, डोळं न्हाई."

दोन वर्षांत मी तिच्याकडे कितीदा गेले होते! तिने मला चहा करून दिला होता, माझ्या पानात भाकरी वाढली होती, मी बारीक झालेय असं म्हणाली होती. बारीक झालेय हे ती मला जवळ घेऊन, पाठीवरून हात फिरवून म्हणाली होती आणि मला ती माया वाटली होती. अंधारातून वस्तू बाहेर काढायचा पगार घेणाऱ्या मला माझी आत्या आंधळी झाल्याचं दिसलं नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

चौकटीजवळून काकांनी विचारलं, "वैनी, म्या दिसतो का?"

"आवाजावरनं कळतंय की कुठं हाय ते."

"न्हाई, दिसतो का म्हनलं?"

"न्हाई."

"मंग भाकऱ्या कशा करता?"

"हातानं करत्यात भाकऱ्या," आत्या म्हणाली. "डोळ्यानं करत्यात व्हय?"

काका हसले नाहीत. ते चुलीपुढच्या आत्याला रोज बघत होते, दोन वर्षं, हातभर अंतरावरून. ते पुढे आले आणि पलंगाच्या कडेवर बसले. बराच वेळ ते आत्याच्या हातांकडे बघत होते. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे डाग होते, काही जुने, काही ताजे. तेही मला त्याच वेळी दिसले.

मग आत्याने मला विचारलं, "तुज्या त्या मूळ फोटूत काय निघालं? उजवा का डावा?"

आता माझी पाळी होती. "उजवा" हा एक शब्द बोलायचा होता. भाकरीच्या आणि आंधळेपणाच्या गोष्टी ऐकल्यानंतर तो बोलण्याइतकी मी तयारही झाले होते. पण तिने माझ्या फोटोलाच देव मानलं होतं आणि पडद्यावर तर काहीच नव्हतं. तोंडातून खरं निघालं. "आत्या, नाही दिसत काही. मी सगळं करून बघितलं. त्यात कळत नाही."

आत्याने मान हलवली. तिने पदर सारखा केला, उठायच्या बेतात हात खुर्चीवर टेकला. कळत नाही म्हणजे देवाने काहीच सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही तर डोळ्याला हात नाही, हे तिच्या त्या हात टेकण्यात मला स्पष्ट दिसलं. मला रडू यायला लागलं.

"उजवा पडला," काका म्हणाले.

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे तोंड वळवलं.

"उजवाच पडला पयला. म्या बघितला."

"तुमी तर डावा म्हनलावता," आत्या म्हणाली.

"म्या देवाच्या म्होरं हुबा. माजा उजवा आनि देवाचा उजवा येगळा व्हतो. माज्या डाव्या हाताचा पडला, म्हंजी देवाचा उजवा. त्या दिशी ध्यानात आलं न्हाई." काकांनी घसा खाकरला. "आत्ता ध्यानात आलं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. रविवारी खांबाआडून त्यांना गाभाऱ्याचा उंबराही दिसत नव्हता. आत्याने मान एका बाजूला कलती केली होती, दुरून कुणी हाक मारली तर आपण करतो तशी. मग म्हणाली, "बरं. लाव फोन दवाखान्याला."

काका रात्री भोरलाच राहिले. आईने वाढलेलं मुकाट जेवले आणि आईला चक्क विचारत बसले की भाकरीच्या पिठाला पाणी गरम घ्यायचं की गार. आईला वाटलं त्यांना बरं नाहीये.

बुधवारी सकाळी दवाखान्यात आत्याच्या कपाळावर, ज्या डोळ्याचं काम व्हायचं त्या बाजूला, चिकटपट्टीचा तुकडा लावला. नर्सबाई दर थोड्या वेळाने येऊन डोळ्यात थेंब घालून जात होत्या. काका खाली चहा प्यायला गेले होते. आत्या माझा हात धरून बाकावर बसली होती आणि तिचा हात गार पडला होता.

"भीती वाटतेय का गं?" मी विचारलं.

"वाटती की." मग ती म्हणाली, "त्यांनी काय बी बघितलं न्हाई त्या दिशी."

मी चपापले. "कुणी? काकांनी?"

"खोटं बोलताना आवाज बारीक व्हतो त्यांचा. लगीन हून आल्यापासनं ऐकतीया. डावा म्हनलं तवाबी बारीक, उजवा म्हनलं तवाबी बारीक."

"मग तू आलीस कशी? तुला तर देवाचा कौल हवा होता."

आत्याने मिटल्या डोळ्यांनी माझ्या बाजूला तोंड केलं. थेंबाचं पाणी तिच्या गालावरून ओघळत होतं, ते तिने पदराने टिपलं.

"पोरी, त्यो मानूस जलमभर सोतासाठी खोटं बोलत आला. काल पयल्यांदा माज्यासाठी बोलला. आनखी कंचा कौल पायजे मला?"